पाठ्यपुस्तकातील निष्कर्ष आणि त्यामागील रीत : अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रे व इतिहास यांच्या पाठ्यपुस्तकांचा तौलनिक विचार

सारांश : पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला ज्ञानशाखेतील निष्कर्ष देते, परंतु ते निष्कर्ष कोणत्या रीतीने सिद्ध झाले, कोणत्या गृहीतकांवर उभे आहेत आणि कधी बदलले, हे ते सांगतेच असे नाही. प्रस्तुत लेखात अभियांत्रिकी, अर्थशास्त्र व इतिहास या तीन शाखांतील प्रत्येकी एका उदाहरणाच्या आधारे या उणिवेचे स्वरूप तपासले आहे. मराठीतून उच्च शिक्षणाची पाठ्यपुस्तके मोठ्या प्रमाणावर तयार होत असण्याच्या सध्याच्या काळात या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पाठ्यपुस्तक, गृहीतक, साधन, आवृत्ती, परिभाषा, मराठी माध्यम.

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र आणि प्रवासवर्णन या प्रकारांचा कसून विचार केला आहे. मात्र महाविद्यालयात सर्वाधिक वाचला जाणारा ग्रंथप्रकार, म्हणजे पाठ्यपुस्तक, समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. अभ्यास मंडळात त्याची चर्चा होते ती घटकांची संख्या, गुणविभागणी आणि किंमत या अंगाने. पुस्तक विद्यार्थ्याला विचार करण्याची कोणती सवय लावते, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. ग्रामीण व निमशहरी भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमलेले पुस्तक हे त्या विषयावरील पहिले आणि बहुधा शेवटचेच पुस्तक असते. त्यामुळे पुस्तकाची उणीव ही त्या विद्यार्थ्याच्या विषयज्ञानाची मर्यादा ठरते.

टॉमस कून यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. विज्ञानात मोठे स्थित्यंतर झाले की पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जातात आणि त्या पुनर्लेखनात स्थित्यंतराच्या खुणा पुसल्या जातात. परिणामी विद्यार्थ्याला ज्ञानाची वाटचाल सरळ रेषेत झाल्यासारखी वाटते. कून यांचा रोख विज्ञानावर होता. हेच निरीक्षण अन्य शाखांना कितपत लागू पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभियांत्रिकी : गृहीतके सांगणारे, पण चूक न सांगणारे पुस्तक

स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तुळईच्या वाकण्याचे सूत्र शिकावे लागते. आयताकृती छेदाच्या तुळईची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या रुंदीच्या प्रमाणात आणि खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्या सूत्राचा एक निष्कर्ष होय. खोली दुप्पट केली तर ताकद चौपट होते. म्हणूनच तुळई आडवी न ठेवता उभी ठेवतात.

या सूत्राचा इतिहास उद्बोधक आहे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला. तुटण्याच्या क्षणी संपूर्ण छेदावर सारखाच ताण असतो आणि तुळई खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने मानले. प्रत्यक्षात छेदाच्या एका भागात ताण, दुसऱ्या भागात दाब आणि त्यांच्या दरम्यान दोन्हींपासून मुक्त असा उदासीन अक्ष असतो. गॅलिलिओला रुंदी आणि खोली यांचे प्रमाण अचूक सापडले. पण तुटेपर्यंत स्थितिस्थापक राहणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत त्याच्या रीतीने काढलेली ताकद वास्तवाच्या तिप्पट येते. कूलाँने १७७३ मध्ये या प्रश्नाची योग्य मांडणी केली. नाव्हिए या फ्रेंच अभियंत्याने १८२६ मध्ये आपल्या व्याख्यानांचे जे पुस्तक छापले, त्यातून हा सिद्धान्त अभियंत्यांच्या शिक्षणात स्थिर झाला. उदासीन अक्षाच्या स्थानाविषयी नाव्हिएचे स्वतःचे आधीचे मतही सदोष होते आणि छापील पुस्तकात त्याने ते सुधारले, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे.

आजच्या पाठ्यपुस्तकात या सूत्राच्या आरंभी गृहीतके दिलेली असतात. पदार्थ एकजिनसी आहे, प्रतिबल व विकृती यांचे प्रमाण स्थिर आहे, वाकण्यापूर्वी सपाट असलेला छेद वाकल्यानंतरही सपाट राहतो, इत्यादी. हा अभियांत्रिकी पुस्तकांचा मोठा गुण मानला पाहिजे. निष्कर्षाची मर्यादा निष्कर्षाआधीच सांगण्याची शिस्त त्यात आहे. काँक्रीटच्या रचनेसंबंधीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातही तीच शिस्त दिसते. त्याच्या १९७८ च्या सुधारणेत मर्यादा-अवस्था पद्धती आली आणि २००० च्या आवृत्तीत काँक्रीटसाठी १.५ व पोलादासाठी १.१५ हे अंशतः सुरक्षा गुणक दिलेले आहेत. काँक्रीटवर पोलादापेक्षा कमी विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. कारण काँक्रीट बांधकामाच्या जागी तयार होते आणि त्याची प्रत अधिक बदलते.

तथापि गृहीतके सांगणारे हे पुस्तक ती गृहीतके कोणत्या चुकीतून सुचली, हे सहसा सांगत नाही. तिप्पट चुकीची कथा त्यात नसते. मग गृहीतकांची यादी हा विद्यार्थ्याच्या लेखी चार गुणांचा प्रश्न होतो. टिमोशेंको यांच्यासारख्या थोर पाठ्यपुस्तककारालाही या विषयाचा इतिहास १९५३ मध्ये स्वतंत्र ग्रंथात लिहावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

सामाजिक शास्त्रे : शांतपणे बदललेला अंदाज

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पॉल सॅम्युएलसन यांच्या १९४८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाइतका प्रभाव क्वचितच दुसऱ्या ग्रंथाने गाजवला असेल. त्याच्या १९ आवृत्त्या निघाल्या. भारतातील अर्थशास्त्राच्या अध्यापनावरही त्याची छाया दीर्घकाळ राहिली. आलेख, समीकरण आणि उदाहरण यांची सांगड घालण्याची त्याची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

याच ग्रंथाच्या १९६१ च्या आवृत्तीत सोव्हिएत संघाचे राष्ट्रीय उत्पन्न अमेरिकेला केव्हा गाठू शकेल, याचा अंदाज होता. तो १९८४ ते १९९७ या दरम्यानचा होता. १९८० च्या आवृत्तीत ही मुदत २००२ ते २०१२ अशी पुढे गेली. दोन आवृत्त्यांमध्ये १९ वर्षे उलटली आणि मुदत जवळ येण्याऐवजी जवळपास तितकीच लांबली. १९८९ च्या आवृत्तीतही सोव्हिएत अर्थव्यवस्था ही आदेशाधिष्ठित व्यवस्था चालू शकते व भरभराटीस येऊ शकते याचा पुरावा असल्याचे म्हटले होते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला.

अंदाज चुकणे हा दोष नव्हे. सामाजिक शास्त्रांत माणसांच्या वर्तनाचा आणि राज्यसंस्थेच्या निर्णयांचा विचार असतो, त्यामुळे भाकिते चुकणारच. दोष आहे तो चुकीचा हिशेब विद्यार्थ्यापुढे पुरेसा न मांडण्याचा. वाढीच्या दरांची अधिकृत आकडेवारी किती विश्वसनीय होती, आजचा दर उद्याही टिकेल हे गृहीतक कोठे मोडले, हे प्रश्न विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या गाभ्याशी नेऊ शकले असते. अभियंत्याच्या पुस्तकात गृहीतके निष्कर्षाआधी येतात. येथे ती आलेखाच्या रेषेत लपली.

मराठीतील सामाजिक शास्त्रांच्या अनेक पाठ्यपुस्तकांत ही अडचण वेगळ्या रूपात भेटते. व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, गुण, दोष हा क्रम विषय कोणताही असो, बदलत नाही. लोकशाही, सहकार, नागरीकरण आणि ग्रामसभा यांचे दोष जवळजवळ सारख्याच शब्दांत सांगितले जातात. एखादी व्याख्या कोणत्या वादात जन्मली आणि तिला विरोध कोणी व का केला, हे गळून गेले की व्याख्यांची संख्या वाढते आणि विचार मात्र थांबतो. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाना, दुष्काळी तालुक्यातील पाणीवाटप किंवा गावातील प्रभाग आरक्षण ही उदाहरणे विद्यार्थ्याच्या अंगणात असूनही पुस्तकात ती एका ओळीपुरती येतात.

प्रश्न विचारणारे पाठ्यपुस्तक लिहिणे सोपे नसते, हेही मान्य केले पाहिजे. योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००६ पासून तयार झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या राज्यशास्त्राच्या शालेय पुस्तकांत व्यंगचित्रे व खुले प्रश्न होते. २०१२ मध्ये एका व्यंगचित्रावरून वाद झाला आणि दोघांनीही मुख्य सल्लागारपद सोडले. पुढे पुस्तकांतील मजकूर वगळला गेल्यावर २०२३ मध्ये त्यांनी आपली नावे काढून टाकण्याची मागणी केली. त्या वादात कोणाची बाजू योग्य, हा स्वतंत्र विषय आहे. पाठ्यपुस्तकातील प्रश्न हा वर्गापुरता मर्यादित राहत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

इतिहास : एक वर्ष आणि त्यामागचे साधन

नाव्हिएचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १८२६ मध्ये, सातारा येथे रेसिडेंट म्हणून काम केलेल्या जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. कॅप्टन केपन याने १८३० च्या सुमारास केलेले त्याचे मराठी भाषांतर शाळांतून वाचले जाऊ लागले. मराठी मुलांना मराठ्यांचा इतिहास एका इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथाच्या भाषांतरातून कळू लागला, ही त्या काळाची स्थिती होती.

१८६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या पंचविशीच्या आतील तरुणाने या ग्रंथावर टीका लिहिली. ग्रंथातील माहितीची अपूर्णता आणि साधनांच्या वापरातील उणिवा त्यांनी दाखवल्या. आधुनिक मराठी इतिहासलेखनाच्या आरंभी एका पाठ्यपुस्तकाचे परीक्षण उभे आहे, ही बाब पाठ्यपुस्तक-समीक्षेला तुच्छ लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. पुढे १८७८ मध्ये काव्येतिहाससंग्रह सुरू झाला आणि १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला. अस्सल कागद वाचल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा आग्रह या परंपरेने रुजवला.

या परंपरेचे फळ विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचले, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. ग्रँट डफने शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष १६२७ दिले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवले गेले. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही नोंद होती. परमानंदाच्या शिवभारत या समकालीन काव्यातही तीच तिथी आढळते. संशोधकांत यावर दीर्घ वाद झाला आणि चालू शतकाच्या आरंभी शासनानेही १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली.

आजच्या पाठ्यपुस्तकात १६३० हे वर्ष आहे आणि ते योग्यच आहे. परंतु १६२७ चे १६३० कसे झाले, हे किती पुस्तके सांगतात? उत्तरकालीन बखर आणि समकालीनांच्या जवळची शकावली यांचे वजन सारखे का नसते, दोन स्वतंत्र साधने एकच तिथी देतात तेव्हा विश्वास का वाढतो, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. तरीही विद्यार्थी केवळ नवे वर्ष पाठ करतो. जुने वर्ष पाठ करणारा आजोबा आणि नवे वर्ष पाठ करणारा नातू यांच्यात इतिहासाच्या रीतीच्या दृष्टीने फरक उरत नाही.

तौलनिक निरीक्षणे

तिन्ही शाखांतील पाठ्यपुस्तकांचे दोष सारखे नाहीत. अभियांत्रिकीचे पुस्तक गृहीतके देते, पण त्यांचा पूर्वेतिहास देत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकाने अंदाज दिला, पण चुकलेल्या अंदाजाचा हिशेब दिला नाही. इतिहासाचे पुस्तक निर्णय देते, पण साधन दाखवत नाही. प्रत्येक शाखेजवळ दुसरीला देण्यासारखे काही आहे, हा यातून निघणारा महत्त्वाचा मुद्दा होय. गृहीतके आधी मांडण्याची अभियंत्याची सवय अर्थशास्त्राला हवी आहे. साधनांची तुलना करण्याची इतिहासकाराची सवय अभियांत्रिकीतील सूत्राला अर्थ देऊ शकते. ज्ञानशाखांतील समन्वयाची चर्चा परिसंवादांत होते. तिची खरी जागा पाठ्यपुस्तकाच्या पानावर आहे.

मराठी पाठ्यपुस्तकांपुढील आव्हान

या विचाराला आज तातडी आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाला चालना मिळाली. २०२१-२२ पासून मराठीसह काही भाषांत अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मान्यता मिळाली. २०२४ मध्ये अस्मिता प्रकल्पाची घोषणा झाली व त्यात २२ भाषांत पाच वर्षांत २२,००० पुस्तकांचे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रात याची पूर्वपीठिका आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश केले आणि नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पुस्तके प्रसिद्ध केली. त्या पुस्तकांवर झालेली टीका बहुतेक वेळा परिभाषेच्या क्लिष्टतेपुरती राहिली.

परिभाषा महत्त्वाची आहे, परंतु ती पुरेशी नाही. प्रतिबल हा शब्द जाणणारा, पण छेद सपाट का मानायचा हे न जाणणारा विद्यार्थी भाषेने मराठी आणि समजेने परकाच राहील. निष्कर्षांचे भाषांतर वेगाने करता येते. रीतीचे भाषांतर होत नाही. ती त्या भाषेत नव्याने लिहावी लागते, आणि त्यासाठी विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकालाच लेखणी हाती घ्यावी लागते.

या दृष्टीने तीन सूचना करता येतील. पहिली, प्रत्येक प्रमुख निष्कर्षासोबत त्याची गृहीतके किंवा साधने द्यावीत. दुसरी, नव्या आवृत्तीच्या आरंभी कोणते विधान बदलले आणि का, याचे एक पान असावे. तिसरी, प्रत्येक प्रकरणात निदान एक अशी चूक सांगावी, की जी मोठ्या अभ्यासकाने केली आणि नंतरच्यांनी सुधारली. यांपैकी एकाही सूचनेस मोठा खर्च लागत नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र त्यांना स्थान द्यावे लागेल; अन्यथा ते पान विद्यार्थी उलटेल आणि अध्यापकही उलटेल.

समारोप

पाठ्यपुस्तक संक्षिप्त असते आणि संक्षेपात काही गाळावेच लागते, हा आक्षेप रास्त आहे. प्रश्न काय गाळायचे हा आहे. आतापर्यंत निष्कर्ष ठेवून रीत गाळली गेली. निष्कर्ष बदलतात, गॅलिलिओची तुळई, सॅम्युएलसन यांची मुदत आणि १६२७ हे वर्ष याची साक्ष देतात. रीत हाती असेल तर बदललेला निष्कर्ष विद्यार्थी स्वतः तपासू शकतो. कीर्तने यांनी नेमके हेच केले होते. आपल्या पुस्तकांतून असा एखादा वाचक निर्माण होतो की नाही, हीच मराठी पाठ्यपुस्तकाची कसोटी मानली पाहिजे.