हातची वस्तू आणि तिचे वर्णन

कथा, कादंबरी, नाटक आणि कविता यांची झाडाझडती दिवाळी अंकांतून दरवर्षी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण गेल्या वीस वर्षांत एक नवाच गद्यप्रकार आपल्या घराघरांत शिरला आहे, आणि त्याच्याकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. हा प्रकार लांबीने आखूड, पाच-पंधरा ओळींचा. लिहिणाराचे नाव त्याला बहुधा नसते. त्याला ना प्रस्तावना, ना अर्पणपत्रिका. तरी एका बाबतीत तो आम्हां कादंबरीकारांना खाली पाहायला लावतो. आमचे पुस्तक वाचून वाचक फार तर उसासा टाकतो. हे पाच-पंधरा ओळींचे वाङ्मय वाचून तो खिशात हात घालतो! इंटरनेटवरच्या दुकानांत जुन्या आणि हातच्या वस्तूंच्या चित्राखाली जे वर्णन छापलेले असते, त्याविषयी मी बोलतो आहे.

वाचकांनी याला दिवाळीतली थट्टा समजू नये. मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारून नाद ऐकतो. लुगड्याचा पदर चिमटीत धरून पाहतो. पितळेचे भांडे हातात घेऊन तोलतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. मोबाइलच्या काचेवर यातले काहीच होत नाही. तिथे डोळ्यांना छायाचित्र मिळते. कानांचे, बोटांचे, नाकाचे काम मात्र शब्दांनाच करावे लागते. वस्तू दूर कुठे तरी फडताळात असते, आणि गिऱ्हाईक आधी विकत घेते ते वाक्य. मग त्या वाक्याची परीक्षा नको का व्हायला?

या व्यापाराची सर्वांत नामांकित पेठ म्हणजे एट्सी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉब कॅलिन आणि त्याच्या सोबत्यांनी 2005 साली ती थाटली. मोठ्या कारखानदाराला इथे जागा नाही. इथे एकटा कुंभार, फावल्या वेळात विणकाम करणारी गृहिणी, माळ्यावरच्या ट्रंका उपसणारा हौशी माणूस यांनी आपापली दुकाने मांडावीत, अशी मूळ कल्पना. वस्तू एक तर हातची हवी, नाही तर जुनी हवी, नाही तर हस्तकलेला लागणारे सामान तरी हवे. आणि ‘जुनी’ म्हणवून घ्यायचे तर तिचे वय निदान 20 वर्षांचे हवे. या नियमाप्रमाणे ती पेठच आता जुन्या वस्तूंत जमा झाली आहे म्हणायची.

या पेठेतले आणि तिच्या धर्तीवरच्या इतर दुकानांतले गद्य वाचता वाचता मला त्याच्या तीन जाती आढळल्या.

पहिली जात अलंकारिक. तिचा नमुना असा : ‘काळाच्या कुशीतून आलेला, आत्म्याला साद घालणारा, एकमेवाद्वितीय पितळी दिवा.’ नमुना माझा आहे, पण धाटणी अस्सल आहे. आता एखाद्या आजीबाईंनी विचारले, ‘अहो, दिवा ओतीव आहे की पत्र्याचा? उंची किती? तेल किती मावते? झिरपत तर नाही ना?’ तर या वाक्याजवळ उत्तर नाही. निबंध लिहिताना जवळ सांगण्यासारखे काही नसले, की मुले विशेषणांच्या माळा ओवतात, हे आम्हां मास्तरमंडळींना पहिल्या दोन ओळींतच कळते. ज्या दिव्याच्या वर्णनात तेलाचा थेंब नाही, तो दिवा लिहिणाराने कधी पेटवून पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

दुसरी जात याहून घातक. कारण ती दिसायला साधी असते. ती वस्तूचे नावगाव पुसून टाकते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल होती. लग्नाच्या आहेरात दिलेल्या कळशीवर, परातीवर देणाराचे आणि घेणाराचे नाव अक्षर अक्षर ठोकून उठवीत. त्यामुळे कार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र आली, तरी संध्याकाळी ज्याची त्याच्या घरी परत जात. अशीच एक कळशी अशा दुकानात माझ्या पाहण्यात आली. वर्णन होते, जुने भारतीय पाण्याचे भांडे, गळ्याशी नक्षीकाम. चित्र मोठे करून पाहिले, तर ती नक्षी नव्हती. ती चांगली ठसठशीत देवनागरी अक्षरे होती! एका मावशीने आपल्या भाचीला ती कळशी दिली होती, एवढी हकिकत त्यांत उघड लिहिलेली होती. कळशीने स्वतःचे वर्णन स्वतःच्या गळ्याशी बाळगले होते, आणि विकणाराने त्याची वेलबुट्टी करून टाकली. त्याला लिपी येत नसेल, तो त्याचा दोष नव्हे. पण विचारून घेण्याची तसदी त्याला घ्यावीशी वाटली नाही, इथे मात्र दोष सुरू होतो.

हा पुसण्याचा उद्योग केवळ छोट्या दुकानदारांचाच आहे, असेही नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे त्यात आहेत. त्यानंतर जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने आपल्या नव्या कपड्यांच्या प्रदर्शनात जी पादत्राणे दाखवली, ती पाहून आपल्याकडची पोरेसुद्धा ‘कोल्हापुरी’ म्हणून ओरडली असती. पण प्रदर्शनात त्यांची ओळख करून देताना कोल्हापूरचे नाव आले नाही. गदारोळ उठल्यावर या पादत्राणांची प्रेरणा भारतीय हस्तकारागिरीतून घेतल्याचे पेढीने मान्य केले. चामडे दिसले, वेणी दिसली. गाळला गेला तो एक शब्द, आणि त्या शब्दातच कातडे कमावणारांपासून वेणी घालणाऱ्या बायांपर्यंत सगळी माणसे उभी होती.

यावर कुणी म्हणेल, ‘मास्तर, हस्तकला निनावीच शोभते.’ जपानमधले विचारवंत यानागी सोएत्सु यांनी तर अनाम कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या वाडग्या-भांड्यांतच खरे सौंदर्य पाहिले, आणि अशा वस्तूंसाठी 1936 साली टोकियोत संग्रहालय उभारले. ते खरे आहे. पण गावातला कुंभार आपल्या मडक्यावर नाव घालीत नसे, ते गावाला त्याचे नाव पाठ असे म्हणून. मडके गळले तर कुणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे पोरालाही ठाऊक होते. सात समुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नाही. गावात जे निनावीपण विनयाचे होते, ते इंटरनेटवर बेपत्ता होण्याचे ठरते.

तिसरी जात खऱ्या गद्याची. ती कमी आढळते, पण आढळली की मन प्रसन्न होते. तिचा मासला सांगायचा तर असा : ‘हा वाडगा मी चाकावर घडवला. भट्टीत जरासा कलला, म्हणून सपाट मेजावर किंचित डुलतो. आतली झिलई एके ठिकाणी पातळ आहे. दही लावायला उत्तम. लोणचे मात्र यात मुरवू नये.’ यात एकही विशेषण मिरवण्यासाठी आलेले नाही. पण वाडगा घडवणारी व्यक्ती, तिची भट्टी आणि घेणाराचे स्वयंपाकघर ही तिन्ही या चार ओळींत नांदतात. आणि गंमत अशी, की वाडग्यावरचा आपला विश्वास त्याच्या दोषामुळे वाढतो. इंग्लंडातल्या रस्किनने 1850 नंतरच्या दशकात, व्हेनिसच्या इमारतींविषयी लिहिताना, हेच मांडले होते : हाताने आणि मनाने केलेल्या कामात अपुरेपण राहायचेच, आणि ते राहणे हीच त्या कामाच्या जिवंतपणाची खूण.

वर्गात मी एकदा ‘आमच्या घरातली जुनी वस्तू’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी वस्तूची थोरवी गायली. एका मुलीने मात्र पाट्याविषयी लिहिले, की त्याची टाकी झिजली आहे, टाकी लावणारा आता येत नाही, म्हणून आई चटणी मिक्सरवर करते आणि आजी ती बोटाने चाखून गप्प बसते. त्या निबंधात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. पण वर्णन कसे करावे, हे तिच्या त्या ‘गप्प बसते’ने जेवढे शिकवले, तेवढे माझ्या व्याकरणाच्या तासाने शिकवले नसेल.

शब्दांची एवढी पारख कशाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ‘हातची’ या एका शब्दाचे गेल्या काही वर्षांत काय झाले ते पाहावे. एट्सीने 2013 साली नियम सैल केला आणि वस्तू बनवण्यासाठी बाहेरच्या कारखान्याची मदत घेण्यास विक्रेत्यांना मुभा दिली. 2015 साली कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. तेव्हापासून तिला कारागिराबरोबर भागधारकांचेही तोंड पाहावे लागते. विक्रीवरचे शुल्क 2018 साली साडेतीन टक्क्यांवरून 5 टक्के झाले आणि एप्रिल 2022 मध्ये साडेसहा टक्के. त्या महिन्यात हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. शुल्काइतकीच त्यांची तक्रार अशीही होती, की हातच्या कामाच्या पेठेत कारखान्याचा माल येऊन बसला आहे. पुढे 2024 साली पेठेने वस्तूंची नवी वर्गवारी केली : विक्रेत्याने स्वतः बनवलेली, त्याने आराखडा केलेली, त्याने निवडून आणलेली आणि हस्तकलेसाठी त्याने मिळवून दिलेले सामान. म्हणजे ‘हात’ राहिला. पण घडवणारा हात, आखणारा हात आणि नुसता बोट दाखवून निवडणारा हात एकाच मांडवात येऊन बसले. शब्दाचा पन्हा वाढला, की वीण विरळ होते.

त्यात आता आणखी एक भर पडली आहे. वस्तूची चार वैशिष्ट्ये सांगितली, की तिचे वर्णन यंत्रच क्षणात लिहून देते. तेही निर्दोष आणि गुळगुळीत. हातच्या वस्तूला यंत्राचे गद्य! पैठणी हातमागाची आहे की नाही, हे पाहायचे तर जाणत्या बायका काठ-पदर उलटून पाहतात. हातच्या विणीची नक्षी उलट बाजूनेही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. गद्यही असेच उलटून पाहावे. ‘परंपरा’, ‘वारसा’, ‘प्रेमाने घडवलेले’ हे शब्द काढून टाकल्यावर मागे काय उरते? माप, वजन, गाव, माणूस आणि दोष उरले तर वीण खरी.

माझ्या मनाला जी खरी टोचणी आहे, ती पुढेच आहे. बोलणाराची माती विकली जाते आणि मुक्याचे सोने पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. या नव्या पेठेत बोलायचे ते बहुतेक इंग्रजीत, आणि चांगल्या उजेडात काढलेल्या छायाचित्रांसह. जुन्या लुगड्यांचे थर टाकून गोधडी शिवणारी बाई हे कुठून लिहिणार? तिच्या टाक्याची लय तिच्या हातात आहे, जिभेवर नाही. मग तिची गोधडी चार पैशांना घेऊन जाणारा दुसराच कुणी तिच्यावर गोड परिच्छेद लिहितो. जगात खपणारे नाव म्हणून कधी तिला बंगालच्या कांथ्याचे नाव देतो, आणि त्या परिच्छेदाची किंमत गोधडीच्या किमतीहून जास्त वसूल करतो. अशा वेळी त्या बाईचे जे नुकसान होते, ते केवळ पैशाचे नसते. तिची कलाकृती दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध होते. आणि वाङ्मयात याला काय म्हणतात, ते टीकाकारांना ठाऊक आहे.

म्हणून ही पेठच वाईट, असा निकाल मी देणार नाही. दलालाच्या दारी ताटकळणाऱ्या कारागिराला परदेशातल्या गिऱ्हाइकाशी थेट बोलता यावे, ही सोय लहान नव्हे. कित्येकांची चूल तिच्यावर पेटली आहे. पण सोय टिकायची ती वाचकाच्या चोखंदळपणावर. वाचक भाबडा झाला की वाङ्मयात जसे भडक पुस्तक खपते आणि सकस पुस्तक कपाटात राहते, तसेच इथेही होते.

तेव्हा यंदा घरातल्या लेकीसुनांनी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी अशा दुकानातून काही मागवायचे ठरवले, तर पैसे भरण्याआधी दुकानदाराला चार प्रश्न लिहून पाठवावेत. ही वस्तू कुणी केली? कुठे केली? कशाची केली? आणि हिच्यात उणे काय आहे? विचारण्यात संकोच नको. आपण भाजीवालीलाही विचारतोच. पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरे मिळतीलही. चौथ्याला जो दुकानदार सरळ उत्तर देईल, त्याच्याकडून खुशाल घ्यावे. आणि घरात गोधडी शिवणारे, टोपली विणणारे, खण शिवणारे कुणी असेल, तर त्यांच्याशेजारी बसून त्या चार प्रश्नांची त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. शुद्धलेखन मागाहून पाहता येईल.