सहज पथछायाचित्र
रस्ता, बाजार, स्थानक अशा सार्वजनिक ठिकाणी, व्यक्तींना मुद्दाम उभे न करता टिपलेले छायाचित्र. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायका या सुटसुटीत कॅमेऱ्यामुळे हा प्रकार सुकर झाला. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) या फ्रेंच छायाचित्रकाराने क्षणाची अचूक निवड हे त्याचे मर्म मानले. तथापि केवळ अनपेक्षित क्षण पुरेसा नसतो. व्यक्तीची हालचाल आणि तिचा परिसर यांत संबंध जुळला, तरच चित्र अर्थपूर्ण ठरते. रघुबीर सिंग (१९४२–९९) यांच्या मुंबईतील झवेरी बाजाराच्या रंगीत छायाचित्रात (१९८९) जवाहिऱ्याचे दालन व बाहेरचा रस्ता एकाच चौकटीत येतात आणि दोहोंतील अंतर भाष्याविना प्रतीत होते. मोर्शीच्या (जि. अमरावती) बाजारात डुलकी लागलेला संत्रीविक्रेता एकटाच टिपल्यास चित्र गमतीचे होईल; शेजारी न खपलेल्या संत्र्यांचा ढीग व रिता तराजू दिसल्यास त्याच डुलकीमागचा शीण कळेल. पहिल्या चित्रात तो हास्यविषय होतो, दुसऱ्यात माणूस राहतो. येथे व्यक्तीची संमती आधी घेतलेली नसते. म्हणून तिची प्रतिष्ठा राखणे हा केवळ नीतीचा नव्हे, तर या कलेच्या गुणवत्तेचाही निकष होय.