घरगुती लिफ्टची जुनी शैली : अलंकरण आणि कार्य

प्रास्ताविक

खासगी निवासस्थानात उद्वाहक म्हणजेच लिफ्ट बसविताना तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे किंवा आर्ट डेको काळाचे रूप देण्याकडे कल दिसतो. पितळी जाळी, घडीचे दार, नक्षीदार लाकूड, मजला दर्शविणारा अर्धवर्तुळाकार काटा ही या रूपाची ठळक लक्षणे होत. हे अलंकरण कोणत्या कसोटीवर तपासावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या रूपामागील कारणे

लॉस एंजेलिसमधील ब्रॅडबरी इमारतीच्या (१८९३) लिफ्ट काचेच्या छताखालील चौकात उघड्या पिंजऱ्यातून वरखाली जातात. अशा लिफ्टमध्ये जाळीतून उजेड व हवा आत येई आणि हाताने यंत्र चालविणाऱ्या चालकाला मजल्याची पातळी डोळ्यांनी साधता येई. अंकफलक नसलेल्या काळात काटा हेच लिफ्ट कोठे आहे हे कळण्याचे साधन होते. पुढे उंच इमारतींत लिफ्टचा मार्ग भिंतीआड बंदिस्त झाला, तेव्हा अलंकरणानेही जागा बदलली. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीत (१९३०) ते दारांवरील व भिंतींवरील लाकडी जडावकामात उतरले. तात्पर्य, जुन्या लिफ्टचे सौंदर्य तिच्या यंत्ररचनेला धरून होते.

सचोटीची कसोटी

जॉन रस्किन यांनी 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' (१८४९) या ग्रंथात एका द्रव्याला दुसऱ्याचे रूप देणे हा वास्तुकलेतील खोटेपणा मानला; मात्र सोन्याच्या मुलाम्याला कोणी भरीव सोने समजत नाही, म्हणून तो त्यांनी दोषमुक्त ठरविला. हा विवेक येथे उपयुक्त ठरतो. दोर व प्रतिभार यांवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये प्रतिभार सामान्यतः पिंजऱ्याचे वजन अधिक मान्य भाराचा ४० ते ५० टक्के भाग इतका ठेवतात. साहजिकच भरीव सागवान, संगमरवर वा पितळ यांचे वजन या हिशेबात आधीच धरावे लागते. अशा ठिकाणी हलक्या फळीवर लावलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा ही फसवणूक नसून यंत्राशी केलेला प्रामाणिक समझोता होय. याउलट पितळी रंग दिलेली प्लॅस्टिकची जाळी किंवा कशालाच न जोडलेला चालकाचा दांडा हा केवळ देखावा ठरतो. काट्याला विद्युत यंत्रणेने खरोखर फिरविले, तर तो अलंकार असूनही कार्य करतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

या चर्चेतील सर्वांत गंभीर मुद्दा दाराचा आहे. मजल्यावरील बाहेरचे दार आणि पिंजऱ्याचे घडीचे दार यांमध्ये पोकळी राहिली, तर लहान मूल तेथे अडकू शकते. अमेरिकेत अशा दुर्घटनांत मुले दगावली असून तेथील ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने २०१९ मध्ये त्याविषयी इशारा दिला. दोन दारांमधील हे अंतर ४ इंचांहून अधिक नसावे, असे त्यात सांगितले आहे. जाळीच्या फटींतून बोटे बाहेर जाण्याचा धोका निराळाच. शिवाय घरात लिफ्ट बहुधा वृद्धांसाठी बसविली जाते. जड जाळीचे दार ओढणे त्यांनाच कठीण जाते. मुंबईच्या जुन्या इमारतींतील अशा दाराचा खडखडाट स्मरणरम्य असला, तरी त्यामागचे श्रम विसरता येत नाहीत. म्हणून जाळीमागे मजबूत काच, आपोआप सरकणारे दार व अडथळा ओळखणारी यंत्रणा असणे आवश्यक आहे. या सोयींमुळे जुने रूप अपुरे राहते, हा आक्षेप टिकत नाही. कारण मूळ लिफ्टही आपल्या काळातील उपलब्ध तंत्रानेच घडल्या होत्या.

समारोप

जुन्या शैलीचे अनुकरण त्याज्य नाही; मात्र अनुकरण करताना प्रत्येक घटकाचे मूळ प्रयोजन शोधावे लागते. ज्याचे प्रयोजन आजही उरले आहे, तो घटक खऱ्या अर्थाने राखावा. ज्याचे प्रयोजन संपले आहे, तो निरुपद्रवी असल्यास अलंकार म्हणून ठेवावा, आणि जो घातक आहे, तो कितीही सुंदर असला तरी वगळावा. बसण्याचा छोटा बाक या दृष्टीने सर्वांत उचित वारसा ठरतो : तो जुन्या लिफ्टची आठवण देतो आणि घरातील थकलेल्या माणसाला आधारही देतो.