न जोडलेल्या दोन तारा

पुस्तकाचे परीक्षण करतात, नाटकाचे करतात, तसे रोजच्या वापरातील वस्तूचेही करावे, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. वस्तूलाही कर्ता असतो. त्याने काही निर्णय घेतलेले असतात आणि त्यांची बरीवाईट फळे वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात. या लेखात आम्ही टॅबलेटच्या डॉकचे परीक्षण करणार आहोत. डॉक म्हणजे टॅबलेट उभा ठेवण्याची बैठक. शाळाशाळांतून कपाटात पडून असलेल्या जुन्या टॅबलेटांबरोबर अशा बैठकाही धूळ खात पडलेल्या दिसतात.

निमित्त घडले ते नववीच्या वर्गात. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दाखवायच्या होत्या. सूक्ष्मदर्शक एक आणि मुले पन्नास. आमच्याकडे यूएसबीवर चालणारा एक साधा डिजिटल सूक्ष्मदर्शक होता. तो टॅबलेटला जोडला तर सगळ्यांना एकदम चित्र दिसेल, असा विचार होता. टॅबलेट डॉकवर बसवला. डॉकच्या पाठीमागे मायक्रो-यूएसबीचे भोक होते. एका मुलीने जोडतुकडा लावून सूक्ष्मदर्शक त्यात खुपसला. काही झाले नाही. सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा लागला नाही. मुलगी म्हणाली, "सर, भोक तर यूएसबीचंच आहे. मग यूएसबी चालत का नाही?"

प्रश्न साधा असला तरी त्यात या परीक्षणाचा सगळा गाभा आला. भोकाचा आकार आणि भोकामागची जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे कळफलकाला एक, छपाईयंत्राला दुसरे, मोडेमला तिसरे अशी निरनिराळी भोके असत. ती सगळी जाऊन एकच यावे, हा या मानकामागील हेतू होता. ते घडवणाऱ्यांपैकी एक प्रमुख अभियंता, अजय भट्ट, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. या जोडणीत मूळच्या तारा चार. एक ५ व्होल्टची, एक जमिनीची (ग्राउंड) आणि मधल्या दोन माहितीच्या. या दोघींना डी-धन आणि डी-ऋण म्हणतात. मायक्रो-यूएसबीत आणखी एक, पाचवा संपर्कबिंदू असतो. त्याचे नाव 'आयडी'.

या पाचव्या बिंदूचे काम समजून घेण्यासारखे आहे. यूएसबीच्या व्यवहारात एक यजमान असतो आणि दुसरा पाहुणा. विचारपूस यजमानाने करायची, वीजही त्यानेच पुरवायची. पाहुण्याने विचारल्यावर उत्तर द्यायचे. टॅबलेट संगणकाला जोडला की तो पाहुणा असतो. पण त्याला माउस किंवा सूक्ष्मदर्शक जोडायचा तर त्याने यजमान व्हायला हवे. हे त्याला कळावे म्हणून आयडी बिंदू जमिनीच्या तारेशी जोडतात. बाजारात 'ओटीजी केबल' म्हणून जी मिळते, तिच्यातील मुख्य करामत एवढीच.

आता आमचा डॉक. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असे डॉक अनेकांनी काढले. चार स्क्रू काढून आम्ही तो मुलांसमोर उघडला. मागच्या भोकापासून टॅबलेटच्या पिनेपर्यंत फक्त दोन तारा गेलेल्या होत्या, ५ व्होल्टची आणि जमिनीची. माहितीच्या दोन तारा नव्हत्याच. पिनेच्या बाजूला डी-धन आणि डी-ऋण एकमेकांना जोडून टाकलेले होते. यात गूढ काही नाही. हे दोन बिंदू एकमेकांना जोडलेले दिसले की समोर नुसता चार्जर आहे असे टॅबलेट समजतो आणि जास्त प्रवाह घेऊ लागतो. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० भोकातून अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअर मिळतात. अशा चार्जरकडून मानकाप्रमाणे १.५ अँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो.

म्हणजे कर्त्याने अडाणीपणा केलेला नव्हता. चार्जिंग लवकर व्हावे म्हणून त्याने विचार करूनच ही रचना केली होती. आमचा आक्षेप वेगळा आहे. चार्जिंगचा डॉक करायचा होता, तर माहितीच्या जोडणीसाठी सर्वत्र ओळखले जाणारे भोक देऊन वर 'फक्त चार्जिंगसाठी' एवढे दोन शब्दही छापू नयेत, हे बरोबर नाही. पाटी दवाखान्याची आणि आत नुसते बाकडे, असा हा प्रकार झाला.

तुलनेसाठी इतरांचे काय, तेही पाहू. २०१० च्या आयपॅडच्या डॉकला पाठीमागे टॅबलेटसारखेच तीस बिंदूंचे भोक होते आणि त्यातून माहितीच्या तारा पुढे नेलेल्या होत्या. संगणकाशी देवाणघेवाण डॉकवरूनच होई. मात्र हे भोक त्या कंपनीचे खासगी. २०१२ मध्ये कंपनीने ते बदलले आणि जुनी उपसाधने नव्या यंत्रांना जोडतुकड्याशिवाय निरुपयोगी झाली. त्याच सुमारास सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबलाही तीस बिंदूंचे भोक होते. दिसायला सारखे, पण एकाची केबल दुसऱ्याला न चालणारी. २०११ च्या आसुस ट्रान्सफॉर्मरचा डॉक याहून उदार म्हणावा लागेल. त्यात कळफलक होता, जादा बॅटरी होती आणि नेहमीच्या आकाराची दोन यूएसबी भोके होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या 'आकाश' टॅबलेटची मंदगतीबद्दल पुष्कळ टिंगल झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती. पण त्या स्वस्त टॅबलेटलाही अंगचीच दोन यूएसबी भोके होती, ही गोष्ट टीकेच्या भरात बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

दोष सांगून थांबणे मुलांना मान्य नव्हते. "आपणच तारा जोडू या," असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आधी एक चाचणी केली. टॅबलेटला साधी ओटीजी केबल लावून सूक्ष्मदर्शक थेट जोडला आणि चित्र येते याची खात्री केली. ही पायरी कोणीही गाळू नये. टॅबलेटलाच यजमान होता येत नसेल, तर डॉकवर केलेली सगळी मेहनत फुकट जाते.

मग डॉकच्या पाठीत नेहमीच्या आकाराचे एक यूएसबी भोक बसवले. येथे एक अडचण होती. टॅबलेट यजमान झाला की ५ व्होल्टच्या तारेवर तो स्वतः वीज देतो. त्याच तारेवर चार्जरही वीज देत राहिला, तर दोन पुरवठे एकमेकांवर चढतात. हे टाळण्यासाठी चार खांबांचे, दोन बाजूंचे एक सरकते बटण घेतले. एका बाजूला चार्जिंग: चार्जरची वीज पिनेला, माहितीचे दोन बिंदू पूर्वीसारखे एकमेकांना जोडलेले, आयडी मोकळा. दुसऱ्या बाजूला यजमान: चार्जर तुटलेला, पिनेवरची वीज आणि माहितीचे दोन्ही बिंदू नव्या भोकाला, आयडी जमिनीला. जमिनीची तार दोन्हीकडे सामाईक. बटण टॅबलेट काढून ठेवूनच सरकवायचे, असा नियम मुलांनीच डॉकवर चिकटवला.

अशा कामाची जी माहिती सहसा मिळते, तिच्याबद्दल एक तक्रार आहे. 'लाल लालला, हिरवी हिरवीला' एवढेच तिच्यात सांगितलेले असते. लाल ५ व्होल्ट, काळी जमीन, हिरवी डी-धन, पांढरी डी-ऋण हा संकेत खरा; पण स्वस्त केबलींतून तो पाळलेला असेलच असे नाही. मल्टीमीटरने प्रत्येक तारेचे दुसरे टोक शोधल्याशिवाय डाग देऊ नये. शिवाय रंग जुळवणाऱ्या मुलाला जोडणी करता येते, पण ती का चालली हे सांगता येत नाही, आणि बिघडली तर दुरुस्तही करता येत नाही.

आमचे असेच झाले. पहिल्या दिवशी माउस जोडला. पडद्यावर बाण फिरला, टाळ्या पडल्या. सूक्ष्मदर्शक जोडला, दिवा लागला, पण चित्र येईना. सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. जोडणीत चूक नव्हती. चूक तारांच्या लांबीत होती. माहितीसाठी आम्ही घंटीच्या वायरीचे वीतभर लांबीचे दोन सुटे तुकडे वापरले होते. साधा माउस सेकंदाला १५ लाख बिट या वेगाने बोलतो. त्याला असली तार चालते. सूक्ष्मदर्शकातील कॅमेरा ४८ कोटी बिटांच्या वेगाने बोलतो, म्हणजे ३२० पट. या वेगाला दोन तारांनी एकमेकींना पीळ घालून, सारख्या लांबीने आणि ठरावीक अंतराने जावे लागते; नाहीतर संदेश विस्कटतो. जुन्या यूएसबी केबलमधील पांढरी-हिरवी जोडी पिळासकट कापून, बोटभर लांबीची ठेवून लावली. चित्र आले. कांद्याच्या पेशी पन्नास जणांनी एकाच वेळी पाहिल्या.

आता आमच्या या दुरुस्तीचेही परीक्षण करणे न्यायाचे होईल. एक तर यजमान असताना टॅबलेट चार्ज होत नाही; एका तासिकेला हे चालते, दिवसभराला नाही. दुसरे, टॅबलेटने किती वीज द्यावी याचे बंधन अगदी अल्प आहे. ओटीजी मानकाप्रमाणे किमान ८ मिलिअँपिअर दिले तरी पुरते. त्यामुळे जास्त वीज ओढणारे उपकरण चालेलच, असे गृहीत धरू नये. तिसरे, हेच काम ओटीजी केबल थोड्या पैशांत करते. मग एवढा खटाटोप कशाला? रोज अनेक हातांनी केबल ओढली की टॅबलेटच्या भोकाचे टाके उखडतात; डॉकमुळे ती ओढाताण टॅबलेटवर न येता दुरुस्त करता येण्याजोग्या भोकावर येते. हे एक उत्तर. दुसरे उत्तर वर येऊन गेलेच आहे. केबल विकत आणली असती तर तारांना पीळ का असतो, हा प्रश्न वर्गात आला नसता. एक पथ्य मात्र कडक पाळावे: हात डॉकलाच लावावा. टॅबलेट उघडू नये. आतील लिथियम बॅटरीला इजा झाल्यास ती पेट घेऊ शकते.

आता सगळीकडे यूएसबी-सी आले आहे. युरोपीय संघाने नव्या फोन-टॅबलेटांना २८ डिसेंबर २०२४ पासून तेच सक्तीचे केले. हे स्वागतार्ह आहे. पण आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याने मिटलेला नाही. या भोकात २४ बिंदू असले, तरी त्यांतील किती आत जोडलेले आहेत हे बाहेरून दिसत नाही. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला सी आकाराचे भोक आले, पण वेग २००० सालच्या यूएसबी २.० चाच राहिला. आयडी बिंदूही गेला. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे आता 'सीसी' नावाच्या बिंदूवरील रोधांवरून ठरते. म्हणून आमची जोडणी तिथे जशीच्या तशी चालणार नाही. विचार करण्याची रीत मात्र चालेल.

डॉकला गुण द्यायचे तर बैठक म्हणून चांगले, चार्जर म्हणून बरे आणि प्रामाणिकपणात काठावर नापास, असे आम्ही देऊ. आपल्या शाळेच्या कपाटात असा डॉक असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी मुलांसमोर एकदा उघडावा, आणि किती तारा आहेत हे आधी त्यांनाच मोजू द्यावे.