वसणे आणि वसवणे : साम्राज्य-उभारणीच्या खेळांतील भूविचार

मराठीत ‘गाव वसते’ आणि ‘गाव वसवतात’ ही दोन्ही वाक्ये रूढ आहेत. पहिल्यात क्रियापद अकर्मक असून गाव हाच कर्ता आहे. दुसऱ्यात क्रियापद प्रयोजक असून कर्ता गावाबाहेर उभा आहे. साम्राज्य-उभारणीच्या संगणकीय खेळांचे परीक्षण करताना हा व्याकरणिक भेद फार उपयोगी पडतो. कारण या खेळांना केवळ दुसरे वाक्य ठाऊक आहे.

या प्रकारातील प्रातिनिधिक कृती म्हणजे सिड मायर व ब्रूस शेली यांचा १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ आणि त्याच्या पुढील आवृत्त्या. खेळाडूचे पहिले महत्त्वाचे कृत्य म्हणजे वसाहतकारांच्या तुकडीकरवी नगर स्थापन करणे. मूळ खेळात नगराला स्वतःच्या चौकोनासह २१ चौकोनांचे उत्पन्न मिळू शके. २००१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सांस्कृतिक प्रभावानुसार सरहद्द पसरू लागली. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत चौकोनांच्या जागी षट्कोन आले. सहाव्या आवृत्तीत (२०१६) गोड्या पाण्यालगतच्या नगराला वस्तीचा अधिक वाव मिळतो, समुद्रकाठी त्याहून कमी आणि निर्जल जागी सर्वांत कमी. नियम बदलले, तरी मूळ प्रमेय कायम राहिले : नगर आधी आणि प्रदेश नंतर. नगराचा रंग चढेपर्यंत भूमी ही केवळ संभाव्य उत्पन्न होय.

हे प्रमेय सर्वस्वी निराधार नाही. डहाणूची किनारपट्टी त्याला काही अंशी दुजोराच देते. वसई ते दमण या पट्ट्यातील पोर्तुगीज सत्ता खाडीमुखांवरील आणि किनाऱ्यावरील कोटांच्या आधारे उभी होती. १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी मराठ्यांनी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली, तेव्हा या पट्ट्यातील पोर्तुगीज अंमलच संपुष्टात आला. मोक्याचे ठाणे गेले की मुलूख जातो, हा खेळातील अनुभव येथे यथार्थ ठरतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ (इ. स. १७१५ च्या सुमारास) याच विचाराचे मराठीतील प्रौढ प्रतिपादन होय. दुर्गाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, शेजारी त्याहून उंच डोंगर नसावा, ही त्यातील दृष्टी खेळाडूला सहज पटेल. परंतु त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा प्रश्न येतो, तेव्हा आंबा-फणसासारखी रयतेची झाडे बळाने तोडू नयेत, ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावे, असा आशय सांगितला आहे. सहाव्या आवृत्तीत वन तोडले की नगराच्या उत्पादनात एकरकमी भर पडते आणि व्यवहार तेथेच संपतो. आज्ञापत्रातील झाडाला धनी आहे. खेळातील झाडाला केवळ मूल्य आहे. राज्यकर्त्याच्या बाजूने लिहिलेला ग्रंथसुद्धा भूमी रिकामी मानत नाही, ही गोष्ट लक्षणीय होय.

खेळात रिकाम्या भूमीवर माणसे मुळीच नसतात असे नव्हे. तेथे आदिवासींची खेडी असतात. खेळाडूची तुकडी अशा खेड्यात शिरली की तिला द्रव्य, विद्या किंवा तत्सम लाभ होतो आणि त्याच क्षणी खेडे नकाशावरून नाहीसे होते. त्याखेरीज जेथे कोणत्याही सत्तेची दृष्टी पोचत नाही तेथे रानटी टोळ्यांचे तळ उत्पन्न होतात. म्हणजे नगराबाहेरचा मनुष्य हा एक तर बक्षीस असतो, नाही तर उपद्रव.

डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागाचा इतिहास या कल्पनेला छेद देतो. येथील वारली वस्तीचे एकक पाडा हे आहे. पाडा वसतो, त्याला कोणी वसवावे लागत नाही. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्यावरही पाडे नाहीसे झाले नाहीत. त्यांतील माणसे वेठीला धरली गेली. खेळात नागरिकाला एखाद्या षट्कोनावर नेमले की पीक येते. त्या पिकामागे वेठ आहे की मजुरी, हे दाखवणारे चिन्हच त्या भाषेत नाही. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेच्या या लढ्यात कोणतेही नगर जिंकले गेले नाही, सरहद्द तसूभरही हलली नाही. तरीही त्या भूमीवरील सत्तेचे स्वरूप पालटले. खेळाच्या नकाशावर मात्र ही घटना उमटली नसती.

यावर असा आक्षेप संभवतो की खेळ म्हणजे इतिहास नव्हे. बुद्धिबळातही प्याद्याचे दुःख कोणी विचारत नाही. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. तथापि बुद्धिबळ स्वतःला संस्कृतीचा इतिहास म्हणवून घेत नाही. प्रस्तुत खेळ मात्र शीर्षकापासूनच तो दावा करतो आणि सोबत स्वतःचा ज्ञानकोशही पुरवतो. २०१८ सालच्या विस्तारात ‘निष्ठा’ हे तत्त्व आणून, दूरच्या नगरावरील ताबा सुटू शकतो हे रचनाकारांनी मान्य केले, हे प्रशंसनीय होय. पण ही निष्ठाही नगराची. पाड्याला ती व्यक्त करण्याची सोय नाही.

वस्ती आणि संस्था यांचा याहून वेगळा संबंध कसा असू शकतो, याचे उत्तर कोसबादच्या टेकडीवर मिळते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये आरंभलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये कोसबादला आणले. खेळात ग्रंथालय नगरात बांधतात आणि प्रजेने त्याकडे ओढले जावे अशी अपेक्षा असते. येथे शाळाच मुलांकडे गेली. पाड्यातील अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे राखणाऱ्या मुलांपाशी भरली ती कुरणशाळा. या दोन्ही सामासिक शब्दांत स्थळ आधी येते आणि संस्था नंतर. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. एका टेकडीवरचा शब्द कोणतीही सरहद्द न आखता एवढा पसरला, ही प्रभावविस्ताराची रीत तिसऱ्या आवृत्तीच्या ‘सांस्कृतिक सीमे’त बसत नाही.

तात्पर्य, या खेळांतील नगरस्थापनेचा विचार पाणी, खाडी आणि उंची यांच्या बाबतीत चोख आहे. वस्तीच्या बाबतीत तो अपुरा आहे. वसवणाऱ्याचे कौशल्य तो नेमके मोजतो. जो आधीच वसलेला आहे त्याला कर्त्याची विभक्ती देणे त्याला अद्याप साधलेले नाही.