केरसुणी आणि विळी : कालीघाट पटांतील ईर्ष्या

एकोणिसाव्या शतकातील कालीघाट पटांवरील चर्चा प्रायः दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. आर्चर यांनी मांडलेला इंग्रजी जलरंगपद्धतीचा प्रभाव हा एक आणि बाबूसंस्कृतीवरील उपहास हा दुसरा. गिरणीच्या स्वस्त कागदावर, पार्श्वभूमी कोरी ठेवून, पातळ रंगांत व सलग रेषेत पटुआंनी चुणीदार धोतराचा, हाती गुलाब घेतलेला बाबू आणि त्याची ‘बीबी’ उभी केली. हा उपहास नवश्रीमंतांच्या चैनीवर होता हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. प्रणय आणि ईर्ष्या यांच्या चित्रणात हे हसू नेमके कोणाच्या बाजूचे आहे?

संस्कृत काव्यशास्त्राने ईर्ष्यामान हा स्त्रीचा मानला. प्रियकर अन्यासक्त झाल्याचे कळल्यावर येणारा तिचा कोप शृंगाराचाच एक प्रकार ठरला, आणि तो निवविण्याच्या उपायांत नायकाने पायांवर लोटांगण घालणे, म्हणजे ‘नति’, हाही एक सन्मान्य उपाय होता. कालीघाटला हीच मुद्रा टिकते, रस मात्र बदलतो. पायांशी पडलेला बाबू हास्यास्पद होतो. स्त्रीने दोरीने बांधून नेलेला पुरुषमुखी मेंढा हे त्याचेच टोक. केरसुणी उगारणारी स्त्री ही खंडिता नायिका राहत नाही, ती कलियुगाची खूण बनते. प्रियकराला तुडविणाऱ्या स्त्रीच्या चित्रात तर शिवावर उभ्या कालीची आकृती ओळखू येते. देवीच्या पायाखाली जे भक्तीचा विषय होते, ते बीबीच्या पायाखाली उपहासाचा विषय होते.

या चित्रांशेजारी तारकेश्वर प्रकरणाचे पट ठेवून पाहावयास हवेत. २७ मे १८७३ रोजी सरकारी छापखान्यात नोकरी करणाऱ्या नवीनचंद्र बॅनर्जीने पत्नी एलोकेशी हिचा मासे चिरण्याच्या विळीने वध केला. तारकेश्वरचा महंत माधवचंद्र गिरी याच्याशी तिचा संबंध असल्याचे त्याला कळले होते. हुगळीच्या ज्यूरीने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले व त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे लोकांच्या अर्जविनंत्यांमुळे १८७५ साली तो सुटला. महंताला तीन वर्षे सक्तमजुरी झाली. भेट, वध, खटला, तुरुंगात घाणा ओढणारा महंत अशी चित्रमालिकाच पटुआंनी विकली.

केरसुणी आणि विळी ही दोन्ही स्त्रीच्या हातची घरगुती साधने. एक तिच्या हाती राहते तेव्हा प्रहसन होते, दुसरे तिच्या हातून पुरुषाच्या हाती जाते तेव्हा शोकांतिका. स्त्रीच्या ईर्ष्येला एक सुटे चित्र मिळते, पुरुषाच्या ईर्ष्येला कथानक. मेंढा झालेल्या पुरुषाला हसणारा प्रेक्षक नकळत पुरुषाने मेंढा होऊ नये अशी अपेक्षा धरतो, आणि विळी उगारलेला नवीन ती अपेक्षा पुरी करतो. या अर्थाने हा उपहास आणि ज्यूरीचा निर्णय एकाच भावविश्वातले आहेत.

यावर असा आक्षेप संभवतो की, पटुआंनी महंतालाही घाण्याला जुंपले आणि एलोकेशीचे रक्त लपविले नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु महंत ज्यामुळे दंडपात्र ठरतो तो अपराध दुसऱ्याच्या पत्नीविषयीचा आहे. एलोकेशीची संमती होती, की तिच्यावर बळजबरी झाली, याविषयी समकालीनांत वाद होता. चित्र त्याला स्पर्श करीत नाही. तिचे टपोरे डोळे बीबीचेच आहेत, लक्ष्मीचेही तेच. शैलीची ही एकरूपता आपण आजवर गुण म्हणून वाखाणली. ज्या स्त्रीविषयी सर्वजण बोलत होते तिला स्वतःचा चेहरा नाही, हेही त्याच एकरूपतेचे फलित आहे. कालीघाटच्या रेषेचे सौंदर्य सांगताना समीक्षेने हे विसरता कामा नये.