मुठीवरील आकृति कोणाची ?

बाली बेटांतील केरिस नांवाच्या कट्यारीचें पातें जितकें प्रसिद्ध आहे, तितकीच तिची मूठहि प्रेक्षणीय असते. लांकडांत, हस्तिदंतांत किंवा सोन्यांत घडविलेली, क्वचित् माणकें जडविलेली, वीतभरहि उंच नसलेली एखादी आकृति डोळे वटारून व सुळे दाखवून आपल्याकडे पाहत असते. ही आकृति कोणाची, हा प्रश्न पदार्थसंग्रहालयांत सहज विचारला जातो, आणि तितक्याच सहज त्याचें उत्तरहि दिलें जातें. या सहजपणाविषयींच आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

उत्तरें बहुधा दोन प्रकारचीं असतात. पाश्चात्य संग्राहक चिठ्ठीवर 'राक्षस' असें लिहून मोकळा होतो. आपल्याकडील अभ्यासक 'हा तर आपला भीम', 'हा आपला मारुति' असें म्हणून संतोष पावतो. पहिला केवळ चेहऱ्यावरून निकाल देतो, दुसरा केवळ आपल्या पुराणावरून. मूठ नीट न्याहाळण्याचे श्रम दोघेहि घेत नाहींत.

पहिल्याचें मत खोडणें सोपें आहे. बालींत सुळे व वटारलेले डोळे हीं दुष्टपणाचीं लक्षणें नव्हेत. देवळाच्या दाराशीं बसणारे रक्षकहि असेच उग्र असतात. तेथील छायानाट्यांत बारीक डोळे संयमी पात्राचे, वाटोळे डोळे बलाढ्य पात्राचे, असा संकेत आहे. आणि खुद्द भीमाचे डोळे वाटोळेच असतात.

दुसऱ्याची अडचण अधिक सूक्ष्म आहे. वायूस तेथें 'बायु' म्हणतात. भीम व हनुमान हे त्याचे पुत्र, हें नातें तेथेंहि मान्य आहे. परंतु या पितापुत्रांच्या खुणाहि समाईक आहेत : काळ्यापांढऱ्या चौकड्यांचें 'पोलेंग' वस्त्र, आणि 'पंचनक' नांवाचें आंगठ्याचें लांब नख. व्यासांचा भीम गदाधारी. या नखाचा उलगडा आपल्या महाभारतांत शोधून सांपडावयाचा नाहीं. वस्त्रावरहि भिस्त ठेवतां येत नाहीं, कारण पोलेंग हें देवळांतील रक्षकमूर्तींनाहि गुंडाळतात. शेपूट व वानरमुख दिसलें तर हनुमान ओळखतां येतो. हातांत पात्र असलें तर तें अमृताचें समजून आकृतीस बहुधा बायु म्हणतात. पण क्लुंगकुंग येथील केर्ता गोसा या मंडपाच्या छतावर जी कथा रंगविली आहे, तींत भीमच मातापितरांच्या उद्धारासाठीं यमलोकीं जातो आणि अमृत मिळवितो. कोळंबीच्या नांगीप्रमाणें वर वळलेला केशबंध भीमाकडे बोट दाखवितो खरा, परंतु तो अर्जुनासहि असतो. तात्पर्य, एक खूण म्हणजे पुरावा नव्हे; चार खुणा एकत्र जुळाव्या, तेव्हां नांव उच्चारावें. शिवाय कांहीं मुठी किड्याच्या कोशासारख्या घडविलेल्या असतात, त्यांत देवता हुडकणें व्यर्थच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. पात्याची शेपटी मुठींत केवळ घट्ट बसविलेली असते; मूठ काढतां येते, बदलतां येते. तेव्हां पात्याच्या वयावरून मुठीचें वय ठरविणें हें एकाच्या जन्मपत्रिकेवरून दुसऱ्याचें भविष्य सांगण्यासारखें आहे.

इतकी काटेकोर चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. 1906 सालीं बाडुंग येथें व 1908 सालीं क्लुंगकुंग येथें डच सैन्यासमोर राजे आपल्या कुटुंबियांसह व परिवारासह केरिस घेऊन बाहेर पडले आणि शरण न जातां मरण पावले. अशा मोहिमांतील लूट समुद्रापार गेली, आणि जी वस्तु घराण्याची ठेव होती ती कपाटांतील एक क्रमांक झाली. 2023 सालीं नेदरलँड्सनें 478 वस्तु इंडोनेशियास परत केल्या. त्यांत क्लुंगकुंगची केरिसहि होती. वस्तु परत करतां येते; पण तिजवर चिकटविलेलें चुकीचें नांव मात्र ग्रंथांतून ग्रंथांत उतरत राहतें. मालकांकडून शस्त्र काढून घेणें हा पहिला अपहार. त्यावरील देवास राक्षस ठरविणें, किंवा बालीच्या कारागिराच्या कल्पनेस आपल्या पुराणाची केवळ नक्कल म्हणणें, हा दुसरा.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं चिठ्ठीवर आधीं खुणा लिहाव्या, नांव मागाहून. बालीच्या लोकांचा शब्द प्रथम विचारांत घ्यावा, आपला तर्क त्यानंतर. आणि जेथें निर्णय होत नसेल तेथें 'बायु अथवा भीम' असें लिहिण्यांत कमीपणा मानूं नये. आपल्या वायुपुत्रांस दूरच्या बेटांत इतका मान मिळाला, याचा आनंद मराठी वाचकास व्हावा हें स्वाभाविकच आहे. परंतु तेथें ते वेगळे झाले, तेथील झाले, हें ओळखण्यांतच त्या आनंदाचें सार्थक आहे.